दुधाची पिशवी म्हणजे खूप लांब मेण

गेल्या महिन्यात आमच्या नाक्यावरच्या भाजीवाल्याकडे पालिकेची गाडी थांबली. दोन माणसं उतरली, हातगाडीखाली लपवलेला पातळ पिशव्यांचा गठ्ठा उचलला, पावती फाडली आणि पुढे गेली. मी मेथीची जुडी बघत उभी होते. भाजीवाल्याने माझ्या हाताकडे बोट केलं. "ताई, या दुधाच्या पिशव्या कशाच्या आहेत? कागदाच्या? त्यांना कोणी दंड लावत नाही. मलाच तेवढा!"

प्रश्न चोख होता. मी रसायनशास्त्र शिकवते, तरी तिथल्या तिथे धड उत्तर सुचलं नाही. कारण दोन्ही पिशव्या एकाच पदार्थाच्या असतात, पॉलिथीनच्या. आणि पॉलिथीनबद्दल मला जे सांगायचं आहे त्याची सुरुवात मेथीच्या जुडीपाशी करता येत नाही. ती गॅस सिलिंडरपासून करावी लागते.

कार्बनला हात चार

कार्बनच्या अणूला चार हात असतात, हायड्रोजनला एक. पुस्तकात याला संयुजा म्हणतात, आपण हातच म्हणू. दहावीला 'कार्बनी संयुगे' हा धडा आला की मुलं नावांनाच घाबरतात, पण त्यामागचा नियम एवढाच आहे की कोणाचाही हात रिकामा राहता कामा नये.

एका कार्बनने चारही हातांनी चार हायड्रोजन धरले की झाला मिथेन. गोबरगॅसमध्ये आणि रिक्षाच्या सीएनजीमध्ये मुख्यतः हाच असतो. दोन कार्बननी एकमेकांचा एक हात धरला आणि उरलेल्या सहा हातांत हायड्रोजन घेतले की इथेन. तीन कार्बन ओळीत उभे राहिले की प्रोपेन, चार राहिले की ब्युटेन. एकेक हात धरून उभ्या असलेल्या या घराण्याला अल्केन म्हणतात. पुस्तकातलं भारदस्त नाव 'संतृप्त हायड्रोकार्बन'. संतृप्त म्हणजे पोट भरलेला, ज्याला आता आणखी काही नको.

सिलिंडर, पेट्रोल आणि मेणबत्ती

स्वयंपाकाच्या लाल सिलिंडरमध्ये १४.२ किलो प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. म्हणजे आपल्या ओट्याखाली दोघांनाही वायूच व्हायचं असतं, दाबाखाली कोंडून त्यांना द्रव केलेलं असतं. सिलिंडर हलवला की आत डुचमळतं ते हेच. दोघांनाही स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मुद्दाम एक उग्र वासाचं गंधकयुक्त रसायन मिसळतात.

आता ओळ लांबवत जा. पाच कार्बनांचा पेंटेन ३६ अंशांना उकळतो, म्हणजे नागपूरला मे महिन्यात बशीत ओतलात तर बशीतच उकळेल. आठ कार्बनांचा ऑक्टेन १२६ अंशांपर्यंत दम धरतो. पेट्रोलमधले बहुतेक रेणू पाच ते बारा कार्बनांचे, रॉकेल आणि डिझेलमधले त्याहून लांब. विसाच्या पुढे गेलो की पदार्थ घट्ट होतो. तेच मेण, पांढऱ्या मेणबत्तीतलं पॅराफिन.

पदार्थ बदललेला नाही, फक्त लांबी वाढली. मग वायूचा दगड का व्हावा? दोन रेणू एकमेकांशेजारी आले की त्यांच्यात अगदी क्षीण ओढ असते. रेणू आखूड असेल तर ती ओढ नगण्य ठरते आणि जरा ऊब मिळाली की तो उडून जातो. रेणू लांब असेल तर तीच क्षीण ओढ त्याच्या सगळ्या लांबीभर लागते. उकडलेल्या शेवया आठवा. बोटभर तुकडा ताटातून सहज उचलता येतो. हातभर लांब शेवयांचा गोळा ओढायला गेलात तर अख्खा गोळाच उचलला जातो.

'पॅराफिन' या नावाचा लॅटिनमधला अर्थ आहे 'फारसं नातं न ठेवणारा'. पूर्वी अख्ख्या अल्केन घराण्यालाच हे नाव होतं, आणि ते मला फार आवडतं. अल्केन म्हणजे ना कोणाच्या अध्यात ना मध्यात. आम्लात टाका, अल्कलीत टाका, ढिम्म. पेटवलं तर मात्र जळतात, आणि छान जळतात. हा स्वभाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशीच गाठ आहे.

फुगडी

आता दुसरं घराणं. दोन कार्बननी एकमेकांचा एक हात न धरता दोन हात धरले तर? मुली फुगडी घालतात तसे. मग प्रत्येकाकडे दोनच हात उरतात, त्यांत दोन-दोन हायड्रोजन. हा इथिलीन. अशा दोन हातांच्या पकडीला दुहेरी बंध म्हणतात, आणि दुहेरी बंध असलेल्या घराण्याला अल्कीन.

फुगडी दिसायला घट्ट असते. पण फुगडी घालणाऱ्या मुलीला विचारा, एक हात सुटला तरी दुसरा धरलेला राहतो आणि सुटलेला हात लगेच दुसऱ्या कोणाला पकडायला मोकळा होतो. अल्कीनचं अगदी तसंच आहे. त्याच्या दोन बंधांपैकी एक मजबूत असतो, दुसरा त्या मानाने लेचापेचा. म्हणून अल्केन जिथे ढिम्म बसतो तिथे अल्कीन चटकन कोणाशी तरी जुळतं.

याचा एक नमुना आपल्या फडताळात असायचा. शेंगदाण्याच्या, करडईच्या तेलाच्या रेणूंत अशा फुगड्या असतात. त्यांच्यामुळे रेणू वाकडा होतो, एकमेकांवर नीट रचला जात नाही आणि तेल पातळ राहतं. निकेलच्या साक्षीने त्यात हायड्रोजन सोडला की फुगड्या सुटतात, सुटलेले हात हायड्रोजन धरतात, रेणू सरळ होतात आणि तेल थिजतं. झालं वनस्पती तूप. चकलीला खुसखुशीतपणा आणणारं आणि डॉक्टरांना न आवडणारं.

आढीतला वायू

इथिलीन हे नाव कारखान्यातलं वाटतं, पण तो आपल्या घरात आजोबांच्या काळापासून आहे. कोकणात आंब्याची आढी लावतात ना, गवताच्या थरात? पिकायला लागलेलं फळ स्वतःच इथिलीन सोडतं. गवतात तो अडकून राहतो आणि शेजारच्या फळाला पिकण्याचा निरोप देतो. त्या फळातून आणखी इथिलीन. एक आंबा पिकला की आढी भराभर पिकते ती यामुळे. केळ्याचा घड गोणपाटात गुंडाळण्यामागेही हेच.

हे विज्ञानाला कळलं ते वेगळ्याच वाटेने. १९०१ मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव्ह या विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं आडवीतिडवी वाढत होती. कारण निघालं दिव्याच्या गॅसमधला इथिलीन. फळं स्वतःच हा वायू बनवतात हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सफरचंदांवर दाखवलं.

इथे दरवर्षी उन्हाळ्यात बातम्यांत होणारा एक घोळ सोडवून टाकते. बाजारात आंबे पिकवायला वापरलं जाणारं कॅल्शियम कार्बाईड वेगळं. त्याला ओल लागली की ॲसिटिलीन सुटतो, ज्यात कार्बन तीन-तीन हातांनी एकमेकांना धरून असतात. तो इथिलीनची नक्कल करतो म्हणून फळाचा रंग बदलतो. पण बाजारू कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून आपल्याकडे फळांसाठी त्यावर बंदी आहे. रायपनिंग चेंबरमध्ये मात्र इथिलीन वापरायला परवानगी आहे, दहा लाखांत शंभर भागांपर्यंत. "गॅसवर पिकवलेला आंबा" असं कोणी नाक मुरडून म्हणालं तर विचारावं, कोणत्या गॅसवर?

फुगडी सुटते आणि साखळी होते

मैदानात पन्नास जोड्या फुगडी घालत आहेत. तेवढ्यात एक मुलगी येते, तिचा एक हात रिकामा आहे आणि तिला चैन नाही. ती पहिल्या जोडीतल्या एकीचा हात ओढते. त्या दोघींची एक पकड सुटते, एक राहते. आता जोडीतल्या दुसरीचा हात रिकामा झाला. ती पुढच्या जोडीतल्या एकीला ओढते, तिची जोडीदार त्याच्या पुढच्या जोडीला. बघता बघता सगळं मैदान एका ओळीत, प्रत्येकीचा एक हात डावीकडच्या मुलीच्या हातात आणि एक उजवीकडच्या. फुगडी कुठेच उरली नाही.

रिकाम्या हाताच्या त्या उतावळ्या पाहुणीला रसायनशास्त्रात मुक्त मूलक म्हणतात. छोट्या जोडीला एकवारिक, आणि शेवटी झालेल्या लांबलचक साखळीला बहुवारिक किंवा पॉलिमर. इथिलीनची साखळी म्हणजे पॉलिइथिलीन, बोलीभाषेत पॉलिथीन.

हे पहिल्यांदा नीट घडलं ते चुकून. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थविच इथे गिब्सन आणि फॉसेट हे दोघे इथिलीनची दुसऱ्याच एका रसायनाशी प्रचंड दाबाखाली गाठ घालून देत होते. ती जमली नाही. भांड्यात सापडला तो मेणासारखा चिमूटभर पांढरा पदार्थ. नंतर उलगडा झाला की वायूबरोबर चुकून शिरलेल्या किंचित ऑक्सिजनने उतावळ्या पाहुणीचं काम केलं होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर वेष्टण म्हणून तो पदार्थ कामी आला. भाजीच्या पिशवीचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

आपल्याकडे ही गोष्ट रायगड जिल्ह्यात घडते. बॉम्बे हायचा वायू समुद्राखालच्या नळाने उरणला येतो, त्यातून वेगळा काढलेला इथेन आणि प्रोपेन नागोठण्याच्या कारखान्यात जातो. तिथे वाफेबरोबर आठशे अंशांच्या वर, क्षणभरच, तापवला की इथेनचे दोन हायड्रोजन गळून पडतात. हात रिकामे झाले, मग दोघे कार्बन एकमेकांचाच दुसरा हात धरतात. अल्केनचं अल्कीन झालं. मग त्याची साखळी. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना खड्डे मोजण्यातून सवड मिळाली तर तिकडे जरूर बघा.

नावावर जाऊ नका

आता मुद्द्याची गोष्ट. 'पॉलिइथिलीन' नावात इथिलीन आहे, पिशवीत नाही. सगळ्या फुगड्या सुटल्या, सगळे हात एकेरी पकडीत गुंतले. प्रत्येक कार्बनकडे दोन शेजारी आणि दोन हायड्रोजन. हे वर्णन आपण आधी वाचलंय, मेणाचं! पॉलिथीन हा रसायनाच्या दृष्टीने अल्केनच आहे. मेणात वीस-चाळीस कार्बन असतील, तर पिशवीतल्या एका साखळीत कित्येक हजार. शेवयांच्या मापात सांगायचं तर एक मिलिमीटर जाडीची शेवई जवळजवळ दोन मीटर लांब.

म्हणून "पिशवीतून इथिलीन सुटून दुधात उतरतो का?" या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. सुटायला तो तिथे शिल्लकच नाही. पॉलिथीन दुधाला काही करत नाही, कारण अल्केन कोणालाच काही करत नाही. काळजी करायचीच असेल तर प्लास्टिकमध्ये घातलेल्या रंगांची आणि इतर मिश्रणांची करावी. टपरीवरून उकळता चहा काळ्या पिशवीत बांधून आणणाऱ्यांना मी म्हणून अडवते. ती पिशवी कुठल्या कुठल्या भंगारातून आली हे कोणालाच माहीत नसतं, आणि गरमपणी असल्या मिश्रणांना बाहेर पडणं सोपं जातं.

एक पिशवी सळसळते, एक मऊ

दुधाची रिकामी पिशवी धुवा आणि तिची बोटभर रुंद पट्टी कापून दोन्ही टोकांनी हळूहळू ओढा. आधी काही होत नाही. मग मध्येच एका जागी ती अरुंद होते, धुरकट दिसायला लागते, आणि तो अरुंद भाग दोन्हीकडे सरकत जातो. सोडलीत तरी ती परत आखूड होत नाही. आत काय झालं? गुंता झालेल्या शेवया ओढीच्या दिशेने विंचरल्या गेल्या.

भाजीवाल्याची पिशवी मात्र सळसळते. तिच्यातल्या साखळ्या सरळसोट असतात. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांनी टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांच्या मदतीने साध्या दाबाखाली अशा सरळ साखळ्या बनवल्या. इटलीच्या जुलिओ नाट्टा यांनी तीच युक्ती प्रोपिलीनला, म्हणजे तीन कार्बनांच्या अल्कीनला, लावली आणि पॉलिप्रॉपिलीन मिळवलं. दोघांना १९६३ चं नोबेल विभागून मिळालं. जुन्या, प्रचंड दाबाच्या पद्धतीत साखळीला जागोजागी फांद्या फुटतात. उसाची मोळी आणि बाभळीच्या फांद्यांचा भारा यात जो फरक, तोच इथे. मोळी घट्ट बसते, म्हणून पदार्थ कडक आणि चिवट होतो, अगदी पातळ काढला तरी टिकतो. भारा मोकळा राहतो, पदार्थ मऊ आणि पारदर्शक होतो. दुधाच्या पिशवीत या मऊ जातीबरोबर आखूड फांद्यांची एक चिवट जातही मिसळतात, नाहीतर क्रेटमधून आपटत आलेली पिशवी दारापर्यंत धड पोचली नसती.

मग ती कुजत का नाही?

"पॉलिमर आहे म्हणून" हे उत्तर चूक आहे. सुती साडी पॉलिमर आहे. भाकरीतला स्टार्च पॉलिमर आहे, आपले केसही. ते सगळे कुजतात. कारण त्यांच्या साखळीत ठरावीक अंतरावर ऑक्सिजन किंवा नायट्रोजनचा सांधा असतो. जिवाणूंची विकरं, म्हणजे एन्झाइम, त्या सांध्यावर घाव घालतात आणि साखळीचे घास करतात.

पॉलिथीनला सांधाच नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कार्बनला कार्बन. इथे कोणी म्हणेल, मेणालाही सांधा नसतो, तरी मेण आणि कच्चं तेल खाणारे जिवाणू आहेतच की! बरोबर. पण मेणाचा रेणू आखूड असतो, तो पेशीच्या आत ओढून घेता येतो. हजारो कार्बनांचा दोर आत जाणार कसा? अंगभूत अलिप्तपणा आणि लांबी, दोन्ही एकत्र आल्यामुळे जिवाणूंचा नाइलाज होतो.

ऊन मात्र हळूहळू तोडतं. गच्चीवरच्या बादलीचा कान दोन उन्हाळ्यांनंतर हातात येतो तो त्यामुळेच. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून साखळ्यांचे तुकडे पाडतात. पण तुकडे पडणं म्हणजे कुजणं नव्हे. बादलीची भुकटी होते, माती होत नाही. ज्या पिशव्यांवर 'ऑक्सो' विघटनशील लिहितात त्या याच घरातल्या. साध्या पॉलिथीनमध्ये धातूचे क्षार घालून भुकटी लवकर होईल एवढी सोय केलेली असते.

मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनवलेल्या पिशव्या वेगळ्या. त्यांच्या साखळीत ऑक्सिजनचा सांधा खरोखर असतो. पण त्यांतल्या पीएलए नावाच्या प्रकाराला कुजायला साठ अंशांच्या आसपास तापलेला खताचा मोठा ढीग लागतो. बाल्कनीतल्या कुंडीत पुरलीत तर पुढच्या पावसाळ्यात तशीच भेटेल.

जाळून टाकली तर?

पॉलिथीनच्या टोकाला काडी लावली की विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो. नातं कळतं लगेच. भरपूर हवा आणि प्रचंड उष्णता असेल तर त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच होतं, म्हणून सिमेंटच्या भट्ट्यांत ते इंधन म्हणून चालतं. गल्लीच्या कोपऱ्यातल्या शेकोटीत यांतलं काहीच नसतं, तिथे अर्धवट जळून काजळी आणि विषारी धूर होतो. शिवाय त्या ढिगात नुसतं पॉलिथीन कुठे असतं? एखादा पीव्हीसी पाइपचा तुकडा आला की त्यातल्या क्लोरीनमुळे झोंबणारं आम्ल आणि डायॉक्सिन नावाची विषं तयार होतात. करू नका.

"वितळवून परत बनवा की!"

बनवता येतं. साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, गुंतलेल्या असतात. ऊब दिली की सरकतात, थंड झाल्या की थिजतात. अडचण निवडण्यात आहे. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन दोघे एकाच स्वभावाचे, तरी वितळल्यावर एकमेकांत मिसळत नाहीत, आणि त्या खिचडीतून बनवलेली वस्तू ठिसूळ होते.

मुलांना दाखवायला एक सोपा खेळ आहे. पाण्याची रिकामी बाटली कात्रीने कापा, झाकणही कापा, दोघांचे तुकडे बादलीभर पाण्यात टाका. झाकणाचे तरंगतात, बाटलीचे तळाला जातात. झाकण पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, पाण्याहून हलकं. बाटली पीईटीची, पाण्याहून जड. भंगार निवडणारे कारखाने पाण्याच्या टाकीत हेच करतात. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला मात्र ही युक्ती लागू नाही, कारण त्यात पॉलिप्रॉपिलीनवर ॲल्युमिनियमचा थर एकजीव केलेला असतो. भंगारवाला ते परत करतो ते उगाच नाही.

भाजीवाल्याचं उत्तर

तर दोन्ही पिशव्या पॉलिथीनच्या असून एकीलाच दंड का? कायदा रेणू बघत नाही, जाडी आणि परतीची वाट बघतो. महाराष्ट्रात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हाच दुधाच्या पिशव्यांना वगळलं होतं, त्या परत गोळा करण्याच्या अटीवर. केंद्राच्या नियमाने सामान न्यायच्या पिशवीची जाडी २०२२ च्या अखेरीपासून किमान १२० मायक्रॉन हवी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

मी घरच्या काट्यावर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दहा पिशव्या ठेवल्या, तीस ग्रॅमच्या आसपास भरल्या. म्हणजे किलोला सव्वातीनशे-साडेतीनशे पिशव्या. त्या एकजात असतात, एकाच ओट्यावर रोज जमतात, भंगारवाला आनंदाने नेतो. कोथिंबीर-मिरचीची पातळ पिशवी एखादा ग्रॅम भरते. किलोभर जमवायला हजार वेळा वाकावं लागेल, तेही गटारातून. कोणीच वाकत नाही.

हे मी भाजीवाल्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि दुधाच्या पिशवीचा तो कापलेला कोपरा? तो कोण वेचतं?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आम्ही कोपरा पूर्ण कापत नाही, एका बाजूने चिकटलेला ठेवतो. ओट्यावरच्या दोरीला आत्ता सहा पिशव्या उलट्या वाळत आहेत, सहाही कोपऱ्यांसकट.